सगळ्यांनाच नऊपैकी आठ

आवणीचे दिवस होते. सुरगाण्याकडची एक शेतमजूर बाई रात्री अकराच्या सुमारास आमच्या वॉर्डात दाखल झाली. संध्याकाळी खाचरात पायाला साप चावलेला, जीप मिळून इथवर पोचेपर्यंत चार तास गेलेले. ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने सुरुवात अगदी नीट केली. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, वीस मिनिटं नळीला हात लावला नाही, मग ती तिरकी करून पाहिली. रक्त गोठलं होतं. त्याने केसपेपरवर तशी नोंद केली. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्ताची गोठायची ताकद जाते, पण ती लगेचच जाईल असं नसतं. म्हणून ही चाचणी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करायची असते. त्या रात्री ती पुन्हा झाली नाही. पहाटे बाईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा सिस्टरने त्याला वरच्या मजल्यावरून बोलावून आणलं आणि प्रतिविष सुरू झालं. बाई वाचली. पण मूत्रपिंडांनी काम थांबवलं, डायलिसिस करावं लागलं, घरी जायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तिची आवणीची मजुरी बुडाली.

तो मुलगा वाईट नव्हता. त्या रात्री त्याच्याकडे दोन वॉर्ड होते आणि आदल्या सकाळपासून त्याने पाठ टेकलेली नव्हती. मी त्याला बाजूला घेऊन बोलले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं असेल. दीड महिन्याने त्याचा मूल्यमापनाचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. सात रकाने, प्रत्येकात एक ते नऊ गुण. मी सातही रकान्यांत आठ लिहिले. निर्णयक्षमतेसमोरही आठच. शेऱ्यात लिहिलं, ‘मेहनती, नम्र, प्रगती चांगली.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्या रात्रीबद्दल एकही शब्द नव्हता.

पुढे काही कारणाने त्याच रात्रीचं सिस्टरांचं हँडओव्हर रजिस्टर माझ्या हातात आलं. त्यात निळ्या शाईत एक ओळ होती: ‘११.४० नंतर टेस्ट रिपीट नाही. १.०० वा. डॉक्टरांना फोन, डॉक्टर आयसीयूत.’ सिस्टरना कुणाला गुण द्यायचे नव्हते. जे घडलं ते वेळेसकट लिहायचं होतं, आणि त्यांनी लिहिलं. त्या एका ओळीत त्या मुलाची चूक होती आणि दोन वॉर्डांना एकच डॉक्टर ठेवणाऱ्या व्यवस्थेचीही चूक होती. माझ्या सातही रकान्यांतल्या आठांमध्ये दोन्ही गायब झाल्या होत्या.

हा लेख त्या आठाबद्दल आहे. वैद्यकीय क्षेत्रात कामाच्या जागी होणारी मूल्यमापनं जवळपास सगळीच इतकी सढळ हाताने होतात की त्यांतून कुणाबद्दल काहीच कळत नाही. निवासी डॉक्टर, इंटर्न, परिचारिका, सरकारी वैद्यकीय अधिकारी, सगळ्यांची तीच तऱ्हा. आमच्यातले बरेच जण याला चांगुलपणा समजतात. मीही समजत होते.

ज्या फॉर्मचं मी सांगते आहे त्याचं मूळ नाव मिनी-सीईएक्स, म्हणजे मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्सरसाइज. जॉन नॉर्सिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९५ मध्ये ही पद्धत मांडली. कल्पना साधी होती. शिकाऊ डॉक्टर खऱ्या रुग्णाला तपासत असताना शिक्षकाने पंधरा-वीस मिनिटं शेजारी उभं राहून नुसतं पाहायचं, मग काय दिसलं ते त्याला लगेच सांगायचं. असं वर्षातून अनेकदा, वेगवेगळ्या शिक्षकांनी करायचं. नऊ गुणांच्या पट्टीत एक ते तीन असमाधानकारक, चार ते सहा समाधानकारक, सात ते नऊ उत्कृष्ट. म्हणजे पाच हा चांगला गुण आहे, पाच मिळालेला डॉक्टर आपलं काम व्यवस्थित करतो. प्रत्यक्षात पाच लिहिलेला फॉर्म मी इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वेळा पाहिला असेल. आमच्याकडे सातला ‘जरा लक्ष द्या’ असा अर्थ आहे, आणि सहा म्हणजे भांडण.

एमबीबीएसची तीच कथा. २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, त्याबरोबर लॉगबुक आलं. अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो आणि राज्यभरच्या महाविद्यालयांत तो राबवणाऱ्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून आपल्या नाशिकमध्ये आहे, त्यामुळे हा विषय आपल्या अंगणातलाच आहे. लॉगबुक फार विचार करून बनवलेलं आहे. विद्यार्थ्याने एखादं काम पहिल्यांदा केलं, पुन्हा केलं की सुधारणेसाठी केलं, याचा एक रकाना. अपेक्षेपेक्षा कमी असेल तर ‘बी’, अपेक्षेइतकं असेल तर ‘एम’, जास्त असेल तर ‘ई’, हा दुसरा रकाना. काम पूर्ण झालं, परत करायचं, की खास शिकवणी देऊन करून घ्यायचं, हा शिक्षकाच्या निर्णयाचा तिसरा. कुठलंही लॉगबुक उघडा. वरून खालपर्यंत ‘एम’, ‘एम’, ‘एम’, मध्येच एखादा ‘ई’, आणि दोन महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या. ‘बी’ हे अक्षर छापणाऱ्याने उगाच छापलं असं वाटावं.

याचं खापर मऊ मनाच्या शिक्षकांवर फोडणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कॅनडात ओटावा विद्यापीठातल्या नॅन्सी ड्यूडेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लिनिकल पर्यवेक्षकांच्या मुलाखती घेऊन २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कमकुवत विद्यार्थी आम्हाला ओळखू येतात, असं त्या पर्यवेक्षकांचं म्हणणं होतं. तरीही ते तसं लिहीत नव्हते. कारणं चार निघाली: घडलेल्या गोष्टींच्या नोंदी हाताशी नसतात, नेमकं काय नोंदवायचं ते कळत नाही, विद्यार्थ्याने दाद मागितली तर पुढचं झंझट नको वाटतं, आणि नापास केलं तरी त्याला सुधारायची सोय कुठे आहे? मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओटावातलं कुणी आमच्या डिपार्टमेंटमध्ये बसून गेलं की काय, असं वाटलं. या चारही कारणांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. गुण देणारा एकटा पडलेला असतो. नोंद त्याची एकट्याची, सही त्याची एकट्याची, भांडण त्याचं एकट्याचं, आणि सुधारणेचं कामही त्याच्याच गळ्यात. अशा माणसाकडून सढळ गुणांपलीकडे कशाची अपेक्षा करायची?

त्यात आमच्याकडे एक जास्तीची अडचण आहे. ज्याला मी गुण देणार, त्याच्याच जिवावर माझा वॉर्ड आज रात्री चालणार असतो. सलाईन तो लावणार, नातेवाइकांची समजूत तो घालणार, पोलिस केसचे कागद तो भरणार. सकाळी त्याला चार गुण द्यायचे आणि रात्री त्याच्याच भरवशावर झोपायचं, हे जमायला फार मोठी छाती लागते.

सरकारी नोकरीत, डॉक्टरांच्याही, वरिष्ठांनी दरवर्षी लिहायच्या गोपनीय अहवालाचं काय झालं ते पाहिलं की हा रोग किती जुना आहे ते कळतं. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा देव दत्त खटला या बाबतीत प्रसिद्ध आहे. देव दत्त सीमा रस्ते खात्यातले अभियंते. बढतीसाठी पाच वर्षं ‘व्हेरी गुड’ शेरा हवा होता. त्यांना एका वर्षी, १९९३-९४ ला, नुसता ‘गुड’ मिळालेला होता. तो शेरा त्यांना कधी कळवलाही नव्हता, आणि त्यापायी बढती गेली. न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे, कारण बढती अडवणारा ‘गुड’ हा परिणामात प्रतिकूलच ठरतो. निकाल न्याय्य होता, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण जिथे ‘चांगला’ हा शब्द माणसाचं नुकसान करतो, तिथे शब्दांची किंमत किती घसरली असेल! आपल्या राज्यात ‘निश्चित चांगला’ अशी एक प्रतवारी आहे. नुसता ‘चांगला’ पुरेनासा झाला, म्हणून ‘निश्चित’ जोडावा लागला असावा, असं मला नेहमी वाटतं.

मग खरी माहिती जाते कुठे? ती फोनवर जाते. गंगापूर रोडवरचा एखादा हॉस्पिटलवाला ओळखीचा डॉक्टर मला फोन करतो. ‘अहो मॅडम, तुमच्याकडचा अमुक आमच्याकडे आरएमओ म्हणून येतोय. कसा आहे पोरगा?’ मी म्हणते, ‘चांगला आहे.’ आणि ‘चांगला’च्या आधी क्षणभर थांबते. त्याला कळतं. त्या मुलाला नोकरी मिळत नाही आणि का मिळाली नाही ते त्याला जन्मात कळत नाही, कारण त्याच्या फाइलमध्ये तर सगळे आठ आहेत. मी अशी क्षणभर थांबले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. तोंडावर बोलायचं धैर्य नव्हतं आणि पाठीमागे मात्र एका श्वासात एखाद्याचं भवितव्य ठरवून टाकलं. हा चांगुलपणा कसा म्हणायचा?

इथे एक आक्षेप येतो. तो नेहमी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं त्यांच्याकडून येतो, म्हणून तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेली, घरातली पहिली शिकलेली मुलगी. तिचं इंग्रजी अडखळतं, मराठीला कोकणा या आदिवासी बोलीचा हेल आहे, प्रश्न विचारला की ती खाली पाहते. शिक्षकांना मोकळीक दिली तर ते तिच्या ज्ञानाला गुण देतील की तिच्या हेलाला? सगळ्यांना आठ मिळत असतील तर निदान तिलाही आठ मिळतात. दुसरी भीती शिक्षकांच्या मनातली. निवासी डॉक्टर आधीच इतक्या ताणाखाली आहेत. माझ्या एका शेऱ्याने कुणी जिवाचं काही बरंवाईट केलं तर? ही भीती खोटी नाही. अशा घटना आपल्या राज्यात घडल्या आहेत.

पहिल्या आक्षेपाबद्दल मला वाटतं ते असं. पूर्वग्रह आकड्यांत आणि विशेषणांतच सुखाने राहतो. ‘आत्मविश्वास कमी, पाच’ असं लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारू शकत नाही. ‘पोट तपासताना यकृताची कड बरोबर शोधली, रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगितलं’ असं लिहायला लावलं, तर त्याच मुलीचं कसब कागदावर येतं आणि हेल बाजूला राहतो. ती बोली तर पेठच्या रुग्णासमोर तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, पण नऊच्या पट्टीवर तिला जागाच नाही. शिवाय सगळ्यांना आठ दिल्याने पूर्वग्रह जात नाही. तो मघाच्या त्या फोनवर जातो, आणि तिथे आडनाव आधी विचारलं जातं. दुसऱ्या भीतीबद्दल इतकंच, की जे वर्षभर हळूहळू सांगायला हवं ते एकदम शेवटी सांगितलं की घाव होतो. दर पंधरवड्याला दोन ओळी ऐकायची सवय असलेल्या मुलाला एक ‘चार’ मोडून टाकत नाही.

नोंद केल्याने काय होतं, याचा माझ्या माहितीतला सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतला आहे. मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन वैद्यकीय महाविद्यालयांचे असे २३५ माजी विद्यार्थी घेतले, ज्यांच्यावर पुढे डॉक्टर म्हणून राज्यांच्या वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केली होती. तुलनेला कारवाई न झालेले ४६९ घेतले. विद्यार्थिदशेतल्या जुन्या फायली काढल्या. कारवाई झालेल्यांच्या फायलींत डॉक्टरी पेशाला न शोभणाऱ्या वर्तनाच्या नोंदी असण्याची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. वारंवार जबाबदारी टाळणं आणि सांगूनही स्वतःत बदल न करणं, या दोन गोष्टी विशेष ठळक होत्या. परीक्षेतले कमी गुण यांच्याइतके महत्त्वाचे ठरले नाहीत. हा अभ्यास होऊ शकला, कारण वीस-तीस वर्षांपूर्वी कुणीतरी शिक्षकाने ‘हा मुलगा सांगून ऐकत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. आमच्या फायलींवर असा अभ्यास करायला कुणी बसलं तर त्याच्या हाती काय लागेल? मेहनती, नम्र, प्रगती चांगली.

नाशिकच्या माणसाला प्रतवारी शिकवायला नको. दिंडोरी-पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मण्याची जाडी रिंगेने मोजतात, गोडी ब्रिक्समध्ये मोजतात आणि औषधांचे अंश प्रयोगशाळेत. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले, तेव्हा कितीतरी बागाईतदारांची कंबर मोडली. ती द्राक्षं दिसायला देखणी होती, चवीला गोड होती. गोडी तपासून जे कळत नव्हतं, ते वेगळं तपासावं लागणार होतं. पुढे तशी तपासणी सुरू झाली आणि निर्यात सावरली. यातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अंश मोजणारा प्रयोगशाळेतला माणूस बागाईतदाराचा सोयरा नसतो, आणि त्याच्या अहवालामागे एक अख्खी यंत्रणा उभी असते. त्याला रात्री कुणी फोन करून ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणत नाही. म्हटलं तरी त्याला नाही म्हणता येतं.

आणि सिंहस्थ तोंडावर आहे. २००३ च्या पर्वणीला, २७ ऑगस्टला, चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, ते या शहराने पाहिलेलं आहे. २०२७ च्या पर्वण्यांना घाटांवर, साधुग्राममध्ये, त्र्यंबकच्या वाटेवर वैद्यकीय मदत केंद्रं लागतील. त्यांवर आमच्यासारख्या ठिकाणचे तरुण डॉक्टर असतील. रामकुंडाजवळच्या केंद्रावर कुणाला ठेवायचं, गर्दीत डोकं शांत ठेवून कुणाला आधी उचलायचं हे कुणाला कळतं, ते ठरवायला फायली उघडल्या तर सगळे सारखेच दिसणार.

उपाय कडक होण्यात आहे, असं मला मुळीच वाटत नाही. कडक परीक्षकाच्या हाताखाली मीही शिकले आहे, आणि त्या भीतीने माझ्या हातून झालेल्या चुका लपवायलाच मी शिकले. मला हवं आहे ते एवढंच, की गुण देणाऱ्याच्या खांद्यावरचं एकट्याचं ओझं कमी व्हावं. शिकवण्यासाठी सांगायच्या गोष्टी आणि पुढच्या वर्षाला पाठवायचं की नाही हा निर्णय, हे दोन कागद वेगळे हवेत. शेजारी उभ्या शिक्षकाने, सिस्टरनेसुद्धा, पाहिलेलं दोन ओळींत लिहावं, तारीख-वेळेसकट, त्याच दिवशी. सिस्टरांचं मत कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं. रात्री दोन वाजता डॉक्टर कसा असतो, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. अशा तीस-चाळीस नोंदी जमल्या की तीन-चार जणांच्या समितीने बसून निर्णय करावा आणि तो संस्थेच्या सहीने बाहेर पडावा. दाद मागायची असेल तर संस्थेकडे मागावी, वॉर्डातल्या शिक्षकाच्या घरी फोन करून नव्हे.

आणि प्रश्न बदलावा. नेदरलँड्सच्या ओले टेन कॅट यांनी २००५ पासून हा विचार मांडला आहे. किती गुण, असं विचारण्याऐवजी विचारायचं: हे काम याच्यावर कितपत सोपवाल? नुसतं पाहू द्याल, समोर उभं राहून करू द्याल, हाकेच्या अंतरावर राहून करू द्याल, एकट्याला करू द्याल, की दुसऱ्याला शिकवायलाही सांगाल? मी हा प्रश्न स्वतःवर करून पाहिला. त्या मुलाच्या निर्णयक्षमतेला आठ लिहिताना माझा हात अडला नव्हता. पण ‘विषारी साप चावलेला रुग्ण उद्या रात्री याच्या एकट्याच्या हवाली कराल का?’ असं त्या कागदावर छापलेलं असतं, तर ‘हो’ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ती बाई आली असती. मी ‘हाकेच्या अंतरावर’ लिहिलं असतं. त्यात त्याचा अपमान नव्हता. त्याला हाकेच्या अंतरावर कुणीतरी मिळालं असतं, हा त्याचाच फायदा होता.

मागच्या वर्षी मी एका शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीच्या लॉगबुकात ‘बी’ लिहिला. तिने एका आजीबाईंचं पोट तपासलं होतं. पडदा ओढला नाही, विचारलं नाही, पदर बाजूला केला आणि थंड हात ठेवला. आजीबाई दचकल्या, भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मी हेच सगळं, एवढ्याच शब्दांत लिहिलं आणि निर्णयाच्या रकान्यात ‘परत’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला की मॅडम, सगळ्या बॅचमध्ये हा एकच बी आहे, काही राहून गेलं का? संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा आला. एका सहकाऱ्याने जेवताना विचारलं, ‘कशाला लागता त्या पोरीच्या मागे?’ आजीबाईंचं काय झालं, ते तिघांपैकी कुणीच विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतः आली. मला वाटलं, भांडायला आली. लॉगबुक छातीशी धरून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, परत म्हणजे कधी करायचं? टाइमटेबलमध्ये तर कुठेच नाहीये.’

मी भिंतीवरचं टाइमटेबल पाहिलं. खरंच कुठे नव्हतं. तिला म्हटलं, उद्या सकाळी सव्वासातला ये, राउंडच्या आधी. ती सातलाच येऊन पडद्याशेजारी उभी होती, हात चोळून गरम करत.